मजकुरी साहसखेळासाठी छोटी भाषा कशी घडवावी

टेक्स्ट ॲडव्हेंचर या प्रकारच्या खेळात पडद्यावर चित्र नसते. एखाद्या जागेचे चार ओळींचे वर्णन येते, खेळाडू ते वाचून ‘कंदील घे’ किंवा ‘खाली जा’ अशी आज्ञा टाइप करतो, त्या आज्ञेने जे घडले ते यंत्र पुन्हा शब्दांतच सांगते आणि खेळ पुढे सरकतो. खेळणाऱ्याच्या दृष्टीने ही वाचनाची आणि तर्काची मजा असते. लिहिणाऱ्यापुढे मात्र वेगळीच अडचण उभी राहते. त्याला वर्णने लिहायची असतात, कोडी रचायची असतात, आणि त्याच वेळी कोणती वस्तू कुठे आहे, कोणते दार उघडे आहे, कंदिलात तेल किती उरले आहे याचा चोख हिशेब यंत्राकडून ठेवून घ्यायचा असतो. हे सारे पायथन किंवा सी यांसारख्या सर्वसाधारण भाषेत थेट लिहिता येते. पण दहा-बारा जागा झाल्या की त्या प्रोग्रॅममध्ये ‘जर हे असेल आणि ते नसेल तर’ अशा अटींचे इतके जंजाळ माजते की गोष्ट कुठे संपते आणि यंत्रणा कुठे सुरू होते हे लिहिणाऱ्यालाच सापडेनासे होते.

म्हणून अशा खेळांसाठी स्वतंत्र, छोटी स्क्रिप्टिंग भाषा करण्याची पद्धत पडली. तिचे दोन भाग असतात: लेखकाने लिहिलेली स्क्रिप्ट, आणि ती स्क्रिप्ट वाचून खेळ चालवणारे इंजिन. भाषा घडवायला बसलेले बहुतेक जण पहिला वेळ चिन्हांवर घालवतात, म्हणजे कंस कोणते वापरावेत, ओळीच्या शेवटी अर्धविराम असावा की नसावा, यावर. माझ्या मते तो प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी ठरवायचे ते हे, की कोणत्या गोष्टी इंजिनाला उपजतच ठाऊक असाव्यात आणि कोणत्या लेखकाने सांगाव्यात. लेखकाला काय काय सांगावे लागू नये याची यादी जितकी विचारपूर्वक केलेली, तितकी ती भाषा वापरायला सोपी होते.

आकड्यांत मावलेली भाषा

या प्रकारच्या खेळांचा उगम ‘ॲडव्हेंचर’ या खेळात आहे. विल क्राउदर या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९७५-७६ च्या सुमारास केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या गुहासमूहाच्या एका भागावर बेतलेला हा खेळ पीडीपी-१० या संगणकासाठी फोर्ट्रान भाषेत लिहिला, आणि १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी तो बराच वाढवला. फोर्ट्रान ही मुळात आकडेमोडीची भाषा असल्याने शब्द हाताळण्याच्या बाबतीत ती अगदीच अवघडलेली होती. त्यामुळे जागांची वर्णने, ओळखायचे शब्द आणि एका जागेतून दुसरीकडे जाणाऱ्या वाटा हे सर्व प्रोग्रॅमबाहेर, तक्त्यांच्या एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेले होते.

या फाइलमधली एक नोंद जवळून पाहण्यासारखी आहे. गुहेत एका लहान खड्ड्याच्या तोंडाशी खेळाडू उभा असतो. ही १४ क्रमांकाची जागा. वाटांच्या तक्त्यात तिच्यासमोर १५००२० असा आकडा आहे आणि त्यापुढे ‘खाली’, ‘खड्डा’, ‘पायऱ्या’ अशा शब्दांचे क्रमांक आहेत. आकड्याचे शेवटचे तीन अंक, म्हणजे २०, हा पोहोचण्याच्या जागेचा क्रमांक आणि आधीचे १५० ही अट. अट शंभर ते दोनशेच्या दरम्यान असेल, तर तिच्यातून शंभर वजा करून येणाऱ्या क्रमांकाची वस्तू खेळाडूच्या हाती असली पाहिजे, असा संकेत होता. ५० क्रमांकाची वस्तू म्हणजे सोन्याचा मोठा गोळा, आणि २० क्रमांकाची जागा म्हणजे मान मोडून पडलेल्या खेळाडूसकट खड्ड्याचा तळ. जड सोने घेऊन पायऱ्या उतराल तर जीव गमवाल, ही संपूर्ण घटना सहा अंकांत मावली आहे. सोने हाती नसेल तर ही नोंद लागू पडत नाही, शोध पुढच्या नोंदीकडे जातो आणि खेळाडू सुखरूप खाली उतरतो. अट, परिणाम आणि नोंदींचा क्रम हे तिन्ही येथे आहेत. म्हणजे ही भाषाच होती, तिला कोणी तसे म्हणत नव्हते इतकेच.

स्कॉट ॲडम्स यांनी १९७८ मध्ये ‘ॲडव्हेंचरलँड’ हा खेळ टीआरएस-८० या घरगुती संगणकाच्या १६ किलोबाइट स्मृतीत बसवला, तेव्हा त्यांनी हाच धागा पुढे नेला. इंटरप्रिटर, म्हणजे फाइल वाचून खेळ चालवणारा प्रोग्रॅम, एकच, आणि खेळागणिक वेगळी डेटा फाइल. त्या फाइलमधील प्रत्येक कृतीची सुरुवात क्रियापदाच्या क्रमांकाला १५० ने गुणून त्यात नामाचा क्रमांक मिळवलेल्या एका आकड्याने होते. त्यापुढे जास्तीत जास्त पाच अटी आणि चार परिणाम येतात. रचना कमालीची आटोपशीर आहे. पण तिच्यात एक गमतीदार खोडही आहे: ९ क्रमांकाची वस्तू म्हणजे पेटलेला दिवा, हे इंटरप्रिटरमध्येच पक्के ठरलेले आहे आणि तो दिवा किती चाली टिकेल हा आकडा फाइलच्या मथळ्यात असतो. ज्या खेळाला दिव्याची मुळीच गरज नाही, त्यालाही नववी जागा दिव्यासाठीच सोडावी लागते. इंजिनाला काय ठाऊक असावे या प्रश्नाचे उत्तर एका विशिष्ट खेळाकडे पाहून दिले की असे होते.

दुसऱ्या टोकाला इन्फोकॉम ही कंपनी होती. एमआयटीमध्ये पीडीपी-१० वर लिहिलेला ‘झॉर्क’ हा खेळ १९७९ नंतर घरगुती संगणकांवर आणायचा होता, आणि त्या काळी बाजारातला प्रत्येक संगणक दुसऱ्याहून वेगळा होता. जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी त्यासाठी झेड-मशीन नावाचा एक काल्पनिक संगणक कल्पिला. खेळ झिल नावाच्या भाषेत लिहायचा, तो या काल्पनिक संगणकाच्या आज्ञांमध्ये रूपांतरित करायचा, आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी फक्त एक छोटा इंटरप्रिटर लिहायचा, अशी ती योजना होती. झिल ही पूर्ण ताकदीची प्रोग्रॅमिंग भाषा होती आणि ती वापरणारे लोकही कसलेले प्रोग्रॅमर होते. आज एखाद्याला हौशी लेखकांसाठी भाषा करायची असेल, तर ॲडम्स यांची काटकसर आणि झिलची मोकळीक यांच्या मध्ये कुठेतरी तिला उभे करावे लागते.

जग कशाकशाचे बनलेले असते

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. उदाहरणादाखल एका जुन्या वाड्यातील खेळ घेऊ. या जगात जागा आहेत, जागांना जोडणाऱ्या वाटा आहेत, वस्तू आहेत, आणि वस्तूंवर लावता येतील अशा खुणा आहेत: पेटलेला, उघडी, ओले. एवढ्या चार गोष्टींवर आश्चर्य वाटावे इतका मोठा खेळ उभा राहतो. स्क्रिप्टचा आरंभ असा दिसेल:

    जागा ओसरी
        वर्णन: "झोपाळ्याच्या कड्या रिकाम्या आहेत. आत माजघर आहे."
        वाट आत: माजघर

    जागा माजघर
        वर्णन: "कोपऱ्यातली एक फरशी बाकीच्यांपेक्षा किंचित वर आलेली आहे."
        खुणा: काळोख
        वाट बाहेर: ओसरी
        वाट खाली: तळघर, जर फरशी उघडी

    वस्तू कंदील
        ठिकाण: ओसरी

या तुकड्यात ‘ठिकाण’ हा शब्द सर्वांत जास्त काम करतो. प्रत्येक वस्तूला कोणत्याही क्षणी नेमके एकच ठिकाण असते; ते एखादी जागा असेल, दुसरी वस्तू असेल किंवा खुद्द खेळाडू असेल. चिठ्ठी पेटीत, पेटी माजघरात, असे एक झाड तयार होते. नवखा लेखक सर्वसाधारण भाषेत हेच काम करताना ‘कंदील हातात आहे’ आणि ‘कंदील ओसरीत आहे’ अशी दोन वेगळी चले (व्हेरिएबल) ठेवतो, एक बदलताना दुसरे बदलायला विसरतो, आणि कंदील एकाच वेळी दोन्हीकडे दिसू लागतो. भाषेतच ‘हलव कंदील तळघर’ अशी एकच क्रिया ठेवली आणि ठिकाण बदलण्याचा दुसरा मार्गच दिला नाही, तर ही चूक करणे अशक्य होते. झेड-मशीनमध्येही प्रत्येक वस्तूपाशी तिचा पालक, तिचे भावंड आणि तिचे पहिले मूल असे तीन दुवे असतात आणि वस्तू हलवण्यासाठी एक स्वतंत्र आज्ञा असते. कागदावर ठेवलेल्या यादीपेक्षा हे झाड अधिक भरवशाचे ठरले म्हणूनच पुढच्या बहुतेक भाषांनी ते उचलले.

मजकूर अवतरणचिन्हांत ठेवायचा की उघडा, हाही एक निर्णय आहे. झिलमध्ये आणि ग्रॅहम नेल्सन यांनी १९९३ मध्ये आणलेल्या इन्फॉर्मसारख्या भाषांत मजकूर अवतरणात असतो आणि बाकी सर्व आज्ञा असतात. इंकल या कंपनीने २०१६ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या इंक या भाषेत याच्या उलट आहे. तेथे ओळ म्हणजे मजकूरच, आणि आज्ञांना खास चिन्हे लावावी लागतात. जिथे खेळाडू दिलेल्या पर्यायांतून निवड करतो आणि गोष्ट वाहत जाते, तिथे दुसरी पद्धत सुखाची आहे. आपल्या खेळात मात्र मजकुराइतकीच जागांची आणि वस्तूंची मांडणी महत्त्वाची असल्याने पहिली पद्धत बरी.

नियमांचा क्रम

जग मांडले की ते हलवणारे नियम येतात. फरशी पहारीनेच उचकटता यावी असे ठरवू:

    जेव्हा उघड फरशी
        जर पहार खेळाडूजवळ नाही: नकार "नुसत्या हातांनी फरशी हलत नाही."
        सांग "पहारीच्या टोकाने फरशी उचकटली. खाली पायऱ्या दिसतात."

या तीन ओळींत जे नाही ते पाहावे. खेळाडू माजघरात आहे का, फरशी त्याला दिसते आहे का, ती आधीच उघडी आहे का, यांपैकी एकही अट लेखकाने लिहिलेली नाही. शेवटी फरशीवर ‘उघडी’ ही खूण लावण्याची ओळही नाही. ‘उघड’ या क्रियेला सर्वत्र लागू असणाऱ्या या तपासण्या आणि हा परिणाम इंजिनाने आपल्याकडे ठेवलेला आहे. लेखकाने फक्त या फरशीपुरते वेगळे काय ते सांगितले आहे. ‘नकार’ आला की तिथेच थांबायचे, न आल्यास नेहमीचा परिणाम घडू द्यायचा, आणि ‘सांग’ असेल तर नेहमीच्या कोरड्या वाक्याऐवजी लेखकाचे वाक्य छापायचे, एवढाच करार आहे.

एकाच आज्ञेला दोन नियम लागू पडले की खरी परीक्षा होते. समजा माजघराला असा नियम आहे की कंदील पेटलेला नसेल तर काहीही उघडायला नकार द्यावा आणि ‘अंधारात हाताला काही लागत नाही’ असे सांगावे. खेळाडूकडे पेटलेला कंदीलही नाही आणि पहारही नाही, आणि त्याने ‘फरशी उघड’ असे लिहिले. वस्तूचा नियम आधी विचारला, तर काळोखात उभ्या असलेल्या माणसाला ‘नुसत्या हातांनी फरशी हलत नाही’ असे उत्तर मिळेल, म्हणजे जी फरशी त्याला दिसायला नको तिचा पत्ता इंजिनानेच देऊन टाकला. जागेचा नियम आधी विचारला तर योग्य उत्तर मिळते. जागांचे नियम बहुधा अडथळ्याचे असतात, अंधाराचे, पाण्याचे, पहाऱ्याचे. म्हणून त्यांना पहिला मान द्यावा, मग वस्तूच्या नियमांना, आणि शेवटी क्रियेच्या नेहमीच्या वागण्याला. इन्फॉर्मच्या इन्फॉर्म ६ या आवृत्तीतही जागेचा नियम वस्तूच्या नियमाआधी विचारला जातो.

एकाच पातळीवर दोन नियम असतील तर काय करावे, याबाबत दोन मते आहेत. ॲडम्स यांच्या फाइलमध्ये खेळाडूच्या आज्ञेसाठी नोंदी वरून खाली तपासल्या जातात आणि जिच्या सर्व अटी जुळतात ती पहिली नोंद चालते. २००६ मधील इन्फॉर्म ७ मात्र नियमांची रांग स्वतः लावते; जो नियम अधिक विशिष्ट, तो आधी. दुसरी पद्धत हुशार आहे, मोठ्या खेळात उपयोगीही पडते, परंतु आपला नियम का चालला नाही हे शोधताना लेखकाला ती रांग लावण्याचे कायदे पाठ असावे लागतात. छोट्या भाषेत लिहिलेल्या क्रमानेच चालावे, असे मला वाटते. क्रम डोळ्यांसमोर असतो, आणि दोन ओळींची अदलाबदल करून तो बदलता येतो.

इन्फॉर्म ७ चा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगण्यासारखे आहे. तिच्यातील स्क्रिप्ट जवळजवळ साध्या इंग्रजी वाक्यांत लिहिली जाते आणि वाचताना अत्यंत सुबक वाटते. लिहिताना मात्र यंत्राला शेकडो शक्य वाक्यांपैकी नेमकी कोणती समजतात हे जाणून घ्यावे लागते, आणि वाक्य नैसर्गिक दिसत असल्यामुळेच चूक कुठे झाली ते लवकर ध्यानात येत नाही. वर दिलेल्या नमुन्यात ‘जागा’, ‘वाट’, ‘जेव्हा’ हे शब्द मराठी असले तरी वाक्ये ठरावीक साच्याची ठेवली आहेत, ती याच कारणाने.

काय घालू नये

नियम जमू लागले की प्रत्येक भाषाकाराला मोह होतो: लूप (आज्ञा पुन्हा पुन्हा चालवण्याची सोय) घालावा, फंक्शन (नाव देऊन बोलावता येणारा आज्ञांचा गट) घालावे, याद्या घालाव्यात. यांतले प्रत्येक पाऊल एकेकटे पाहिले तर वाजवी असते, आणि दहा पावलांनंतर हातात अर्धवट सोयींची, कागदपत्रे नसलेली, पायथनहून वाईट भाषा उरते. संख्यांची मात्र गरज लागते. ‘ॲडव्हेंचर’मधील दिवा ३३० चाली टिकत असे, आणि सुरुवातीला सूचना वाचणाऱ्या नवख्याला १००० चाली मिळत, असा काळाचा दबाव नसेल तर गुहेत भटकण्याला धार राहत नाही. यासाठी वस्तूला एक आकडा जोडता यावा, तो वाढवता-घटवता यावा, दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहता यावा, आणि प्रत्येक चालीनंतर आपोआप चालणारा नियम लिहिता यावा, एवढे पुरते:

    दर चालीला
        जर कंदील पेटलेला: घटव कंदील.तेल १
        जर कंदील.तेल = २०: सांग "कंदिलाची ज्योत फडफडू लागली आहे."
        जर कंदील.तेल = ०: काढ कंदील पेटलेला

येथे दिव्याचे विशेष ज्ञान इंजिनाला नाही. ‘काळोख’ ही खूण असलेल्या जागेत ‘पेटलेला’ खुणेची वस्तू हवी, एवढेच त्याला ठाऊक आहे. म्हणून हेच तीन नियम वाळूच्या घड्याळाला किंवा भरतीच्या पाण्यालाही वापरता येतील. नीट पाहणाऱ्याला मात्र त्यांत एक फट दिसेल: ज्योत फडफडण्याची ओळ तेल २० वर असताना कंदील विझवून ठेवला तरी दर चालीला छापली जाईल, कारण तिच्या अटीत कंदील पेटलेला असल्याचे म्हटलेले नाही. अटींना ‘आणि’ने जोडण्याची सोय भाषेत हवीच, ती अशा जागी. ‘किंवा’ची गरज त्या मानाने क्वचित पडते, आणि ती दोन वेगळे नियम लिहून भागवता येते.

ज्या लेखकाला याहून अधिक हवे असेल, त्याच्यासाठी एक मागचे दार ठेवावे: स्क्रिप्टमधून इंजिनाच्या मूळ भाषेतील एखादे नाव दिलेले कार्य बोलावता यावे. ते दार मुद्दाम थोडे गैरसोयीचे असले तरी हरकत नाही.

खेळाडूचे वाक्य मराठीत आले तर

इथवरचा विचार लेखकाच्या बाजूचा झाला. खेळाडूची आज्ञा समजून घेणारा भाग, ज्याला पार्सर म्हणतात, तो इंग्रजी खेळांत फार साधेपणाने सुरू झाला. ‘ॲडव्हेंचर’ दोन शब्दांची आज्ञा घेत असे आणि प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच पाहत असे. झेड-मशीनच्या सुरुवातीच्या आवृत्त्या सहा पाहत. मराठीला ही युक्ती लागू होत नाही. संगणकात अक्षरे साठवण्याच्या युनिकोड या संकेतात ‘किल्ली’ या शब्दात क, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलन्त, ल आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे असतात. पहिली पाच घेतली की ‘किल्ली’ आणि ‘किल्ला’ यांत फरकच उरत नाही, आणि ‘किल्ला बघ’ म्हणणाऱ्या खेळाडूला यंत्र किल्लीचे वर्णन ऐकवते.

शब्दाची सुरुवात जुळली की झाले, असा दुसरा सोपा मार्ग सुचतो, कारण ‘दाराला’, ‘दारातून’, ‘दारावर’ ही सगळी ‘दार’पासूनच सुरू होतात. पण ‘दारू’ही तिथूनच सुरू होते. त्याहून मोठी अडचण सामान्यरूपाची आहे. ‘कंदील’चे ‘कंदिलाने’ होताना मधली वेलांटी बदलते, ‘कुलूप’चे ‘कुलपात’ होताना ऊकार नाहीसा होतो, ‘दोरा’चे ‘दोऱ्याने’ होते. हे सर्व नियमांनी सोडवण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा वस्तूच्या नोंदीत लेखकाकडूनच दोन गोष्टी लिहून घ्याव्यात:

    वस्तू कंदील
        लिंग: पुल्लिंग
        सामान्यरूप: कंदिला

लेखक मराठी जाणणारा असल्याने त्याला हे लिहायला क्षणभरही लागत नाही, आणि इंजिनात शेकडो ओळींचे व्याकरण घालणे टळते. मघाशी म्हटले की लेखकाला शक्य तितके कमी सांगावे लागावे. हा त्याला सोडलेला अपवाद आहे, कारण येथे यंत्राचा अंदाज चुकण्याची शक्यता फार आणि माणसाचे ज्ञान पक्के आहे. लिंगाची गरज उत्तर देताना पडते. इंग्रजी इंजिनाला कोणत्याही वस्तूसाठी एकच वाक्य पुरते. मराठीत कंदील उचलला, पहार उचलली आणि कुलूप उचलले, असे तीनही प्रकार तयार असावे लागतात, आणि अनेकवचन वेगळेच.

मराठीची रचना पार्सरला एका बाबतीत मात्र फार सोयीची आहे. ‘पहारीने फरशी उघड’ या आज्ञेत यंत्र आधी शब्द वेगळे करते. ‘उघड’ हा क्रियापदांच्या यादीत सापडतो. ‘पहारीने’ हा शब्द जसाच्या तसा कोणत्याही वस्तूचे नाव नाही, म्हणून त्याच्या शेवटचे प्रत्यय लांबीच्या उतरत्या क्रमाने तपासले जातात. ‘ने’ काढल्यावर ‘पहारी’ उरते, ते पहारीचे सामान्यरूप म्हणून नोंदलेले आहे, आणि ‘ने’ हा साधनाचा प्रत्यय आहे. ‘फरशी’ प्रत्ययाविना आहे, म्हणून ती कर्म. शब्दांचा क्रम बदलून ‘उघड फरशी पहारीने’ असे लिहिले तरी उत्तर तेच येते. इंग्रजीत कोणती वस्तू साधन आणि कोणती कर्म हे शब्दांच्या जागेवरून ठरवावे लागते. येथे ते काम प्रत्यय करतो. काळजी एवढीच घ्यायची की संपूर्ण शब्द आधी शोधावा आणि मगच प्रत्यय काढावा, नाहीतर ‘भिंत’ या शब्दाचा शेवटचा त हा सप्तमीचा समजून यंत्र ‘भिं’ नावाची वस्तू शोधू लागेल.

एक बारीक पण चिवट अडचण टंकलेखनाची आहे. ‘दोऱ्याने’मधला ऱ्या कळफलकागणिक दोन प्रकारे टंकला जातो: कुठे त्यासाठी ऱ हे वेगळे चिन्ह वापरलेले असते, तर कुठे साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात, आणि एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले असल्यास ते एकरूप करणारे युनिकोडचे प्रमाण सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. ही जुळणी इंजिनाने स्वतः करायची, शब्दकोश तयार करताना आणि खेळाडूची ओळ वाचताना, दोन्ही वेळा एकाच पद्धतीने.

चुका पकडणे आणि खेळ जपून ठेवणे

भाषा छोटी ठेवल्याचा मोठा फायदा लेखकाच्या चुका पकडताना मिळतो. स्क्रिप्ट हा मोकळा प्रोग्रॅम नसून जागा, वाटा आणि नियम यांची मांडणी असल्यामुळे खेळ सुरू होण्याआधीच तिची तपासणी करता येते. वाट ज्या जागेकडे जाते ती जागा अस्तित्वात आहे का, आरंभापासून कोणत्याच वाटेने पोहोचता येणार नाही अशी एखादी जागा आहे का, एखाद्या नियमात तपासलेली खूण कधी कोणी लावतच नाही असे झाले आहे का, हे सर्व यंत्र शोधू शकते. शेवटची चूक बहुधा शुद्धलेखनाची असते: खूण लावताना ‘उघडी’ आणि तपासताना ‘ऊघडी’. अशा वेळी ‘ओळ ४२ वर अज्ञात नाव’ एवढेच म्हणून न थांबता ‘ऊघडी ही खूण कुठेच लावलेली नाही, उघडी म्हणायचे होते का?’ असे विचारणारे इंजिन लेखकाचे तासन्‌तास वाचवते. नव्या भाषेवर काम करताना मी तरी चिन्हांपेक्षा या सूचनांच्या शब्दरचनेवर अधिक वेळ देईन.

खेळ मधेच जपून ठेवणेही याच कारणाने सोपे होते. खेळाची एका क्षणाची स्थिती म्हणजे प्रत्येक वस्तूचे ठिकाण, तिच्या खुणा आणि तिचे आकडे. बाकी सर्व मजकूर आणि नियम कधीच बदलत नाहीत. झेड-मशीनचे इंटरप्रिटर जपून ठेवताना बदलणाऱ्या स्मृतीचा मूळ फाइलशी असलेला फरक तेवढा दाबून ठेवू शकतात, त्यामुळे अशी फाइल फार लहान होते. चाल मागे घेण्याची सोयही वेगळी करावी लागत नाही. दर चालीआधीची स्थिती बाजूला ठेवली की झाले.

स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत भाषेच्या आवृत्तीचा क्रमांक लिहिणे सक्तीचे करावे, आणि हे पहिल्या दिवसापासून करावे, कारण नंतर ते करता येत नाही. पुढे ‘नकार’चा अर्थ थोडा बदलला किंवा नियमांचा क्रम बदलावासा वाटला, तर जुन्या स्क्रिप्ट जुन्या अर्थाने चालवण्याचा दुसरा उपाय इंजिनाकडे नसतो. झेड-मशीनच्या प्रत्येक खेळाच्या फाइलचा पहिला बाइट हा आवृत्तीचा क्रमांक आहे. इन्फोकॉमने अशा सहा आवृत्त्या वापरल्या, कंपनी बंद पडल्यावर आणखी दोन हौशी मंडळींच्या हातून आल्या, आणि तो एक बाइट वाचून आजचा इंटरप्रिटर १९८० च्या दशकातील खेळ फोनवरही त्या वेळच्या नियमांनी चालवतो.